चेहऱ्याची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनांना खुलं पत्र : मधल्या दिवसांचं आधी सांगा

आदरणीय डॉक्टर मंडळी,

सौंदर्यासाठी चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्या तुम्हा सगळ्यांना हे पत्र लिहिते आहे. मी परिचारिका आहे. नाक, पापण्या, कान, हनुवटी, फेसलिफ्ट (चेहऱ्याची आणि मानेची सैल पडलेली त्वचा ओढून घट्ट करणं) अशा शस्त्रक्रियांनंतर पेशंटचं ड्रेसिंग करणं, टाके काढताना शेजारी उभं राहणं आणि घरी गेलेल्या पेशंटचे फोन घेणं हे माझं काम. तुमच्या हातातलं कौशल्य मी जवळून बघते आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. माझी तक्रार त्याबद्दल नाहीच. शस्त्रक्रियेच्या आधी पेशंटला काय सांगितलं जातं आणि काय सांगायचं राहून जातं, त्याबद्दल आहे.

तुमच्या कन्सल्टिंग रूममध्ये दोन फोटो दाखवले जातात. एक आधीचा, एक नंतरचा. नंतरचा फोटो बहुतेक वेळा कित्येक महिन्यांनी काढलेला असतो, चांगल्या उजेडात, केस नीट मागे घेऊन. या दोन फोटोंच्या मधे जो काळ गेला त्याचं एकही चित्र पेशंटला बघायला मिळत नाही. पण त्याला जगायचं असतं ते त्याच काळात. त्याच चेहऱ्याने त्याला कामावर जायचं असतं, दार उघडायचं असतं, मुलांना जवळ घ्यायचं असतं. हा मधला काळ शस्त्रक्रियेचाच भाग आहे. तो संमतीपत्रावर सही घेण्याआधी, दाखवून आणि समजावून सांगितला गेला पाहिजे, एवढंच मला म्हणायचं आहे.

नाकाचंच घ्या. शस्त्रक्रियेच्या दिवशी घरी जाताना पेशंट बऱ्यापैकी ठीक दिसतो, कारण सूज अजून चढायची असते. ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचते. हाड कापून बसवलेलं असेल तर डोळ्यांभोवती काळंनिळं होतं, सकाळी पापण्या धड उघडत नाहीत. नाक आतून चोंदलेलं, तोंडाने श्वास घेऊन घसा कोरडा. मग ते साकळलेलं रक्त हळूहळू खाली उतरतं, गालावर येतं, कधी जबड्यापर्यंत जातं, आणि जांभळ्याचं हिरवट, हिरवटाचं पिवळं होत साधारण दोन आठवड्यांत विरतं. तुमच्या-माझ्यासाठी हे रंग म्हणजे सगळं सुरळीत चाललं असल्याची खूण. पण ज्याला कुणी काही सांगितलेलं नाही त्याला वाटतं, काहीतरी पसरत चाललंय. फोनवर तो दुखण्याबद्दल फारसं बोलत नाही. "सिस्टर, हे असंच राहणार का?" एवढंच विचारतो. वेदनेसाठी आपण गोळ्या दिलेल्या असतात. या प्रश्नाचं उत्तर मात्र त्याच्याजवळच्या कुठल्याच कागदावर नसतं.

त्याहून अवघड दिवस म्हणजे नाकावरचं स्प्लिंट, म्हणजे आधारासाठी बसवलेलं कडक आवरण, काढायचा. साधारण आठवड्याने तो येतो. पेशंटने त्या दिवसावर सगळी आशा लावलेली असते. पट्ट्या निघतात, आरसा हातात येतो, आणि त्यात एक फुगलेलं, टोकाला वर उचललेलं, कुणा भलत्याच माणसाचं वाटणारं नाक दिसतं. त्वचा तेलकट, टोक कडक आणि बधिर, हसायला गेलं तर वरचा ओठ आखडलेला. तुम्ही तेव्हा नाकाच्या कण्याकडे बघत असता, तो सरळ आलाय म्हणून समाधानाने "छान" म्हणता. पेशंट टोकाकडे बघत असतो. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत असते, आणि त्याला तुमचं "छान" ऐकून आणखी एकटं वाटल्याचं मला दिसतं. कारण आता तक्रार करायचीही सोय उरली नाही. डॉक्टरांनाच जर हे छान वाटतंय, तर मग झालं.

सूज वरून खाली ओसरते, टोकाची सगळ्यात शेवटी जाते, त्याला वर्ष लागू शकतं, आणि त्वचा जाड असेल तर त्याहूनही जास्त. सकाळी सूज जास्त असते, दिवसभरात कमी होते. दोन्ही बाजू एकाच वेगाने ओसरतील असं नाही, त्यामुळे दोन महिन्यांनी नाक थोडं वाकडं वाटलं म्हणजे ते वाकडं बसलं असं होत नाही. चष्मा काही आठवडे नाकाच्या कण्यावर टेकवायचा नाही. हे सगळं तुम्हाला पाठ आहे. म्हणून तर दुरुस्तीची शस्त्रक्रिया करायची झाली तर तुम्ही साधारण वर्षभर थांबता. वर्षभर थांबण्याची गरज तुम्हाला शस्त्रक्रियेच्या आधीही माहीत होती. मग "थोडी सूज राहील काही दिवस" एवढ्यावर ती उरकली का जाते? पेशंटच्या डोक्यात "काही दिवस" म्हणजे पंधरा दिवस. सोळाव्या दिवशी त्याला वाटायला लागतं की आपली शस्त्रक्रिया फसली.

नाकाच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा दुरुस्ती करावी लागण्याचं प्रमाण साधारणपणे ५ ते १५ टक्के सांगितलं जातं. हा आकडा फार कमी पेशंटना आधी ऐकवलेला असतो. ज्याला पुढे दुरुस्ती लागते त्याला मग वाटतं की जगात हे फक्त आपल्याच बाबतीत घडलं, एक तर सर्जन चुकला किंवा आपलं नशीबच खोटं. आकडा आधी कळला असता, आणि दुरुस्ती लागलीच तर तिचा खर्च कोण करणार हेही तेव्हाच ठरलं असतं, तर तीच गोष्ट रागावाचून बोलता आली असती.

फेसलिफ्टच्या पेशंटचं दुखणं वेगळं. त्यांना गाल आणि मान आवळल्यासारखी वाटते, कानाभोवती आणि गालावर बधिरपणा असतो. केस विंचरताना, कानातलं घालताना, फोन कानाला लावताना तो जाणवतो आणि कित्येक महिने टिकतो. कानाच्या पाळीला संवेदना देणारी नस, ग्रेट ऑरिक्युलर, या शस्त्रक्रियेत सगळ्यात जास्त वेळा दुखावणारी नस आहे हे तुम्ही शिकवता. पेशंटला मात्र हे कळतं ते पाळी टोचून बघितल्यावर. चेहऱ्याच्या हालचालीची नस काही काळ मंदावली तर भुवई एका बाजूला नीट उचलली जात नाही किंवा खालचा ओठ हसताना एकीकडे ओढला जातो. बहुतेक वेळा हे आपोआप भरून येतं, पण भरून येईपर्यंत तो माणूस आरशासमोर रोज हसून बघत असतो. पापण्यांच्या शस्त्रक्रियेनंतर टाके आठवड्याच्या आत निघतात. त्यामुळे ती "छोटी" शस्त्रक्रिया समजली जाते. डोळे कोरडे पडतात, मलमामुळे धूसर दिसतं, झोपेत डोळा पूर्ण मिटत नाही, आणि वाचायला बसलेला माणूस दहा मिनिटांत पुस्तक बाजूला ठेवतो. छोटी म्हणून सांगितलेली गोष्ट इतकी जड जाते तेव्हा त्याला स्वतःचाच संशय येतो, आपणच नाजूक आहोत की काय असा.

आता सगळ्यात महत्त्वाची बाब. फेसलिफ्टनंतर त्वचेखाली रक्त साठण्याचा धोका मुख्यतः पहिल्या चोवीस तासांत असतो. पुरुषांत आणि रक्तदाब वाढलेल्या पेशंटमध्ये तो जास्त. पापणीच्या शस्त्रक्रियेनंतर क्वचित डोळ्यामागे रक्तस्राव होतो. तसं झालं तर दृष्टी वाचवायला फार थोडा वेळ हातात असतो. एकाच बाजूला भराभर वाढणारी, ताणलेली, दुखरी सूज. डोळ्यात अचानक जोराची कळ, डोळा बाहेर आल्यासारखा वाटणं, नजर कमी होणं. ही लक्षणं पेशंटला आणि त्याच्या घरच्यांना तोंडपाठ असायला हवीत. प्रत्यक्षात काय होतं? सगळ्याच गोष्टींना आपण एकाच सुरात "हे नॉर्मल आहे, घाबरू नका" म्हणून ठेवलेलं असतं. ज्याला सांगितलेलंच नाही तो साध्या हिरव्या डागासाठी मध्यरात्री फोन करतो. ज्याला नुसताच धीर दिलाय तो खरोखर गाल फुगत असताना सकाळपर्यंत थांबतो, उगाच डॉक्टरांना त्रास नको म्हणून. मधल्या काळाचं खरं चित्र लपवण्याची ही किंमत जीवावर किंवा डोळ्यावर बेतू शकते. सूज कुठपर्यंत साहजिक आणि कुठून पुढे संकट, ही रेघ पेशंटच्या हातात आधीच ठेवली पाहिजे.

शरीराचं इथपर्यंत. मनाचं बोलायचं तर बरंच आहे, कारण फोनवर माझा सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो.

पहिल्या एक-दोन आठवड्यांत बऱ्याच जणांचं मन खाली बसतं. त्याची कारणं गूढ नाहीत. भूल, वेदनाशामकं, उशा लावून डोकं उंच ठेवून काढलेल्या तुटक झोपेच्या रात्री, व्यायाम बंद, बाहेर जाणं बंद, आणि आरशात ओळख न पटणारा चेहरा. पण या सगळ्यावर आणखी एक गोष्ट असते. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला भेटायला लोक येतात, विचारपूस करतात. ज्याने स्वतःहून नाक किंवा चेहरा बदलून घेतला त्याच्याकडे कुणी येत नाही. बऱ्याचदा त्याने कुणाला सांगितलेलंच नसतं. घरातल्यांना माहीत असतं, पण त्यांची सहानुभूती लवकर आटते. "हौसेने केलंस ना, आता सहन कर," हे वाक्य मी फोनवर पलीकडून ऐकलंय, नवऱ्याच्या तोंडून ऐकलंय, आईच्या तोंडून ऐकलंय. मग पेशंट रडतोही लपून. दुखणं स्वतः ओढवून घेतलं म्हणून त्याबद्दल बोलायचा आपला हक्क गेला असं त्याला वाटतं. एका बाईंनी मला फोन केला तेव्हा त्या स्नानघरात नळ सोडून बोलत होत्या. त्यांना काहीही झालेलं नव्हतं, जखमा उत्तम भरत होत्या. त्यांना फक्त कुणाकडून तरी ऐकायचं होतं की सहाव्या दिवशी पश्चात्ताप वाटणं हे अनेकांना होतं, आणि त्याचा अर्थ निर्णय चुकला असा नसतो.

हे वाक्य त्यांना तुमच्याकडून, शस्त्रक्रियेच्या आधी, ऐकायला मिळायला हवं होतं.

तुमच्या शाखेचा इतिहास मला थोडाफार माहीत आहे, तो इथे आठवतो. १८९८ मध्ये बर्लिनमध्ये सर्जन जाक योसेफ यांनी एका पुरुषाचं मोठं नाक लहान केलं. तो माणूस नाकापायी लोकांत मिसळेनासा झाला होता. वैद्यकीय सभेपुढे ती शस्त्रक्रिया मांडताना योसेफ यांनी त्याच्या मनाची खिन्नता दूर झाल्याचं आवर्जून सांगितलं. निरोगी नाकाला सुरी लावण्याचं समर्थन त्यांनी मनाच्या आधारावर केलं, आणि ते मला पटतं. चेहऱ्यामुळे खचलेल्या माणसाला मदत करणं हे खरं वैद्यकच आहे. पण शस्त्रक्रियेच्या आधी मनाचा हवाला घ्यायचा आणि शस्त्रक्रियेनंतर त्याच मनाकडे "तुमचं तुम्ही बघा" म्हणून पाठ फिरवायची, हे चालणार नाही. ज्या मनासाठी सुरी हातात घेतली, त्या मनाची पहिल्या महिन्यातली घसरणही तुमच्याच उपचारात मोडते.

पहिल्या महायुद्धात चेहऱ्याच्या जखमा झालेल्या सैनिकांसाठी १९१७ मध्ये इंग्लंडमध्ये सिडकपला खास रुग्णालय सुरू झालं. हॅरोल्ड गिलीज तिथले सर्जन. त्या रुग्णालयात बऱ्याच वॉर्डांतून आरसे काढून टाकलेले होते. आजच्या पेशंटच्या हातात चोवीस तास आरसा आहे, कॅमेऱ्याचा, आणि तो काढून घेता येणार नाही. त्या सैनिकांची जखम आणि आजच्या पेशंटची इच्छा यांची तुलना मी करत नाही. मला त्यांच्या दोन गोष्टी मात्र घ्याव्याशा वाटतात. एक म्हणजे त्यांच्या शेजारच्या खाटेवर तशाच टप्प्यातून जाणारा दुसरा माणूस होता, कुणी दोन पावलं पुढे, कुणी मागे. दुसरी म्हणजे गिलीज यांच्या नोंदींमध्ये एकाच सैनिकाचे टप्प्याटप्प्याचे फोटो आहेत, आधीचा आणि शेवटचा एवढेच नाहीत. आधुनिक प्लास्टिक सर्जरीचा पाया घातला जात असताना मधले चेहरे जपून ठेवले गेले. आज जाहिरातीच्या भिंतीवर त्यांना जागा नाही.

अपेक्षांबद्दल आता. "पेशंटच्या अपेक्षा अवास्तव असतात," हे मी तुमच्या तोंडून नेहमी ऐकते. नाकाच्या शस्त्रक्रियेच्या पुस्तकांत तर अशा पेशंटसाठी "सायमन" असं एक लघुनाव आहे, इंग्रजी आद्याक्षरांवरून केलेलं. एकटा, अपरिपक्व, पुरुष, फाजील अपेक्षा बाळगणारा, स्वतःच्या प्रेमात असलेला, असा पेशंट दिसला की सावध व्हा, असं ते सांगतं. सावध व्हायला हरकत नाही. पण त्या यादीतल्या फाजील अपेक्षेचा उगम पेशंटच्या स्वभावात शोधण्याआधी आपल्या भिंतीकडे, आपल्या जाहिरातीकडे, संगणकावर बनवून दिलेल्या त्या गुळगुळीत नाकाकडे बघायला हवं. संगणकावरचं नाक सुजत नाही. त्याला त्वचेची जाडी नसते, जखम भरताना आत तयार होणारे तंतू नसतात. ते चित्र समजुतीसाठी आहे, हमी नाही, असं तुम्ही म्हणता खरं, पण ते चित्र घेऊन पेशंट घरी जातो आणि रोज बघतो. तुमचं वाक्य तिथेच राहतं.

बाकीच्या अपेक्षा फोनमधून येतात, आणि तिथे तुम्ही पेशंटला खरी मदत करू शकता. २०१८ मध्ये सर्जनांच्या एका नियतकालिकात आलेल्या अभ्यासात गणिती पद्धतीने दाखवलं होतं की १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक ५ फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद वाटतं. म्हणजे पेशंट ज्या नाकाची तक्रार घेऊन येतो ते त्याच्या चेहऱ्यावर नसून काही अंशी लेन्समध्ये असतं. हे त्याला दोन फोटो काढून दाखवायला पाच मिनिटंही लागत नाहीत. शस्त्रक्रियेनंतरही तो तसाच, हात लांब करून, सुजलेल्या नाकाचे फोटो काढणार आहे, तेव्हा हे त्याला ठाऊक असलेलं बरं.

आणखी एक अभ्यास मी अनेकांना सांगते. १९७७ साली अमेरिकेत काही विद्यार्थिनींना त्यांचाच फोटो दोन प्रकारे दाखवला, एक सरळ आणि एक आरशात दिसतो तसा उलटा. स्वतःला बहुतेकींना आरशातला आवडला, मैत्रिणींना सरळ. ज्याला जे बघायची सवय, त्याला ते आवडलं. शस्त्रक्रिया कितीही सुंदर झाली तरी नव्या चेहऱ्याची सवय नसते. नाक खरोखर चांगलं झालेल्या माणसालाही काही दिवस परकं वाटतं, जुन्या नाकाची चक्क आठवण येते. हा वेडेपणा नव्हे. हे आधी सांगितलं की पेशंट त्या परकेपणाला घाबरत नाही, थोडा थांबतो.

काही जणांना मात्र थांबून उपयोग नसतो, कारण त्यांचा त्रास नाकात नसतोच. बॉडी डिस्मॉर्फिक डिसॉर्डर, म्हणजे इतरांना जेमतेम दिसणाऱ्या किंवा न दिसणाऱ्या वैगुण्याने माणूस तासन्‌तास पोखरला जाणं. इटलीचे मानसोपचारतज्ज्ञ मोर्सेली यांनी एकोणिसाव्या शतकातच त्याचं वर्णन करून ठेवलंय. सर्वसाधारण लोकांत तो शंभरात साधारण दोघांना असतो, आणि सौंदर्य-शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्यांत प्रमाण याच्या कितीतरी पट. शस्त्रक्रियेने तो बहुधा बरा होत नाही. नाक झालं की हनुवटी, हनुवटी झाली की जबडा, असं दुःख जागा बदलत राहतं. त्यावर उपचार आहेत, विशिष्ट पद्धतीची मानसोपचारपद्धती आणि औषधं, पण ते तुमच्या टेबलावर नाहीत. अशा पेशंटला तुम्ही "नाही" म्हणता तेव्हा माझ्या मनातला तुमच्याबद्दलचा आदर वाढतो. फक्त ते "नाही" रिकामं नसावं. कुणाकडे जायचं ते नावानिशी सांगा, शक्य तर स्वतः फोन लावून द्या. नाहीतर तो पुढच्या दवाखान्यात जातो आणि तिथे कुणीतरी "हो" म्हणतं.

ज्यांना हा आजार नाही त्यांनाही एक प्रश्न विचारायलाच हवा : हे झाल्यावर तुमच्या आयुष्यात काय बदलेल असं वाटतं? "फोटोत मी बाजूने उभी राहू शकेन," असं उत्तर आलं तर हातातल्या सुरीला ते पेलण्यासारखं आहे. "तो परत येईल," असं आलं तर नाही. हा प्रश्न मी ड्रेसिंग करताना विचारते आणि उत्तरं ऐकून चरकते, कारण तेव्हा उशीर झालेला असतो.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, एवढं सगळं सांगितलं तर पेशंट पळून जाईल. काही जातीलही. दोन आठवडे काळंनिळं तोंड आणि वर्षभराचा धीर हे ऐकून जो मागे फिरतो, त्याने ते टेबलावर येण्याआधी ठरवलं हे त्याच्या आणि तुमच्याही भल्याचं. जे थांबतात त्यांच्यात आणि न सांगितलेल्यांत काय फरक पडतो ते मी बघितलंय. सांगितलेला पेशंट तिसऱ्या दिवशीही रडतो, पण "आज तिसरा दिवस ना, म्हणूनच" असं तोच मला सांगतो. सूज दोघांची सारखीच असते. हेही खरं की बहुतेक पेशंट शेवटी समाधानी असतात, आणि तुमच्या कामाचं ते मोल मी नाकारत नाही. माझा मुद्दा त्या समाधानापर्यंतच्या वाटेचा आहे, जी आज अनेक जण विनाकारण घाबरत आणि एकट्याने चालतात.

वेळ नसतो, असंही म्हणाल. ब्रिटनमध्ये जनरल मेडिकल कौन्सिल या डॉक्टरांच्या नियामक संस्थेने २०१६ मध्ये सौंदर्योपचार करणाऱ्या डॉक्टरांसाठी नियम घालून दिले. जो डॉक्टर उपचार करणार त्याने स्वतः पेशंटशी बोलून संमती घ्यायची, हे काम दुसऱ्यावर सोपवायचं नाही, आणि पेशंटला विचार करायला वेळ द्यायचा. तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या मते संमती दोन टप्प्यांत घ्यावी, मधे किमान दोन आठवडे जाऊ द्यावेत. त्याच देशात २०१५ च्या माँटगोमेरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कुठला धोका सांगण्याइतका महत्त्वाचा आहे हे पेशंटच्या जागी असलेल्या माणसाला काय महत्त्वाचं वाटेल त्यावरून ठरवायचं. तुम्ही कुठल्याही देशात असा, ही कसोटी लावून बघा. सहा आठवड्यांनी लग्नात उभं राहायचं असलेल्या मुलीला नाकाच्या टोकाची सूज महत्त्वाची वाटेल की नाही? गाणाऱ्याला वरच्या ओठाचा आखडलेपणा? चष्मा लावणाऱ्याला नाकावर चष्मा टेकवता न येणं? तुमच्या छापील संमतीपत्रात जंतुसंसर्ग आणि भुलेचे धोके असतात, यातलं काही नसतं.

शिवाय पेशंट ऐकलेल्यापैकी बरंच लगेच विसरतो. संशोधनात हे प्रमाण ४० ते ८० टक्के सांगितलंय, आणि घाबरलेला माणूस तर आणखीच कमी लक्षात ठेवतो. म्हणून तोंडी सांगून भागणार नाही. त्याच्या भाषेत, मोठ्या अक्षरात, तारखांसकट लिहून द्यावं लागेल.

म्हणून माझी विनंती अशी आहे. ज्या पेशंटची परवानगी असेल त्यांचे तिसऱ्या दिवसाचे, स्प्लिंट काढलेल्या दिवसाचे, पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या महिन्याचे फोटो काढून ठेवा, आणि नव्या पेशंटला आधी ते दाखवा, शेवटचा फोटो त्यानंतर. त्यात तुमचा उत्तम निकाल जसा असेल तसा साधारण निकालही असू द्या. पहिल्या भेटीनंतर दुसरी भेट ठेवा, आणि त्या भेटीला घरी सोबत राहणाऱ्या माणसाला बोलवा. रात्री डोळ्यात कळ आली तर गाडी काढणारा तोच असतो, आणि "हौसेने केलंस ना" म्हणणाराही तोच. त्याच्या समोर तुम्ही एकदा म्हणालात की पहिले दोन आठवडे हिला सांभाळावं लागेल, तर पुढचं बरंच आपोआप सोपं होतं. आमच्यापैकी कुणा समुपदेशकाने किंवा जाहिरात विभागातल्या व्यक्तीने हे बोलणं उरकावं, असं कृपा करून करू नका. पेशंट तुमच्या तोंडून ऐकतो तेव्हाच ते त्याला खरं वाटतं.

टाके निघाले की भेटी संपतात, हेही बदला. चेहऱ्यावरची किंवा कानामागची शिवण पहिले काही महिने लालसर, कधी उंच राहते, आणि व्रण पक्व व्हायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. तोपर्यंत उन्हापासून जपायचं, सिगारेटपासून दूर राहायचं. फेसलिफ्टमध्ये तर धूम्रपानाने त्वचा मरण्याचा धोका वाढतो, हे आधीही सांगायचं आणि नंतरही. पण सांगायला पेशंट समोर यायला हवा. दुसऱ्या आठवड्यात एक फोन, तुमच्याकडून किंवा आमच्याकडून, ठरवून. जखमेबद्दल विचारल्यावर झोपेबद्दल आणि मनाबद्दलही विचारायचं. "फेस-क्यू" नावाची प्रश्नावली पेशंटच्याच तोंडून ऐकून बनवलेली आहे. तिच्यात दिसण्याबद्दलच्या समाधानाइतकेच शस्त्रक्रियेआधीच्या अपेक्षांचे आणि सुरुवातीच्या दिवसांतल्या त्रासाचे प्रश्न आहेत. ती वापरा. तुमच्या निकालांच्या नोंदीत पेशंटचा पहिला महिनाही येऊ द्या.

आणि रात्रीचा फोन कोण उचलणार, त्याचं नाव आणि नंबर त्या कागदावर सगळ्यात वर लिहा. सध्या तो बऱ्याचदा आमच्यापैकी कुणीतरी उचलतं, आणि आम्ही तो उचलत राहू. पण तुम्ही काय सांगितलं होतं ते आम्हाला माहीत असायला हवं. संमतीच्या भेटीला आम्हालाही आत बसू द्या.

आपली,
शस्त्रक्रियेनंतरच्या खोलीत काम करणारी एक परिचारिका